दोन सेलांची थरथर

माझा धंदा थरथर घालवण्याचा आहे. रायपूरच्या उरला भागात लोखंडाचे कारखाने आहेत, आणि त्या कारखान्यांत धूर ओढणारे पंखे आहेत, माणूस आत उभा राहील एवढे. त्यांच्या पात्यांवर धूळ बसते, एकीकडे जास्त, एकीकडे कमी, आणि चालता चालता पंखा अंग झटकू लागतो. मग मला फोन येतो. मी माझी पेटी घेऊन जातो, बेअरिंगवर चुंबकाचा सेन्सर चिकटवतो, पडद्यावरचे आकडे पाहतो आणि वेल्डरला सांगतो, इथे एवढी पट्टी लाव. पट्टी लागली आणि पंखा शांत घुमू लागला की सगळ्यांचे चेहरे सैल होतात, चहा येतो. या कामात माझी अर्धी जिंदगी गेली. घरातला सीलिंग फॅन जरा डुलला तरी मी जेवता जेवता वर पाहतो. बायको म्हणते, "जेवा ना चुपचाप. पडला तं तुम्हालेच पहिले कळन."

हे आधीच सांगून टाकतो, कारण गेल्या वर्षी आईच्या बाबतीत माझ्या हातून जे झालं ते दुसऱ्या कुणाच्या हातून झालंच नसतं. शिंप्याच्या नाही, मास्तरांच्या नाही. ती चूक करायला माझंच शिक्षण लागतं.

आणखी एक सांगायला हवं. मला अपराधी वाटायला फार मोठं कारण लागत नाही. लिफ्टचं दार बंद होताना कुणी धावत आलं आणि राहून गेलं, तरी मला संध्याकाळपर्यंत चुटपुट लागते. बायको याला माझा छंद म्हणते. म्हणून पुढचं वाचताना थोडं वजा करून वाचलं तरी चालेल. पण सगळं वजा करू नका.

होळीनंतर आईचा उजवा खांदा धरला. आधी पोळपाट सरकवताना कळ यायची, मग वेणी घालता येईना, मग ब्लाउजची बाही चढेना. डॉक्टर म्हणाले, फ्रोझन शोल्डर. घरी येऊन मी बाबांना तसं सांगितलं. बाबा रेल्वेतून निवृत्त झालेले, वय ऐंशीच्या आसपास, कान थोडे उतरलेत पण जीभ शाबूत आहे.

"फ्रोझन?" ते म्हणाले. "रायपुरात? इथं माठातलं पाणी गार होऊन नाही राहिलं, अन् हिचा खांदा गोठला?"

"तुमच्या संगतीनं गोठला," आई आतून म्हणाली.

फिजिओथेरपीवाल्या मुलीनं उपाय सांगितला. आधी खांदा शेकून, चोळून सैल करायचा. मग भिंतीसमोर उभं राहून हाताची बोटं मुंगीसारखी भिंतीवर चढवत न्यायची, जाईल तिथपर्यंत. आईनं समोरच्या खोलीतली भिंत निवडली. त्या भिंतीवर खाली दिव्याची बटणं आहेत, त्याच्या वर कॅलेंडर, आणि कॅलेंडरच्या वर त्याचा खिळा. पहिल्या दिवशी बोटं बटणांपाशीच थांबली. आईनं खिळ्याकडे पाहिलं. ती उंची तिनं का धरली हे मला नंतर कळलं. आमच्या महालक्ष्म्यांचं डोकं बरोबर तिथे येतं.

भाद्रपदात आमच्याकडे महालक्ष्म्या बसतात. ज्येष्ठा आणि कनिष्ठा, दोघी बहिणी. लोखंडी स्टँडचं धड, वर पितळी मुखवटे, आणि उंच चौरंगावर उभ्या. फराळ, फुलोरा, सोळा भाज्या, त्यात घरातल्या सगळ्यांचा हात असतो. साड्या मात्र आई नेसवते. लग्न होऊन या घरात आली तेव्हापासून. निऱ्या, ओचा, मग हात वर नेऊन पदर मुखवट्याच्या मागून डोक्यावर घ्यायचा आणि पिन लावायची. नेसवून झाल्यावर ती दोन पावलं मागे सरकते आणि एखाद्या नवरीला पाहावं तशी पाहते. त्या वेळी तिच्याशी कुणी बोलत नाही.

बायकोनं चांगल्या मनानं सुचवलं, "आई, यंदा चौरंग काढून टाकू. पाटावर उभ्या करू."

"माह्या खांद्यापायी देवीले खाली उतरवू?"

"मग तुम्ही बसून सांगा, मी नेसवते."

"पाहू," आई म्हणाली.

आमच्या घरात 'पाहू' म्हणजे नाही. तर अशी गोष्ट होती. होळी होऊन गेलेली, भाद्रपद पुढे, आणि मधे आईचा खांदा.

दुसऱ्याच दिवशी आईनं कपाटातून बाबांचं मालिशचं मशीन काढलं. हे मशीन मी शाळेत असताना बाबांनी नागपूरहून आणलं होतं. दिसायला जाडजूड टॉर्च. प्लास्टिक तेव्हा क्रीम रंगाचं होतं, आता जुन्या दातांच्या रंगाचं झालंय. मुठीत एकामागे एक दोन मोठे सेल. बुडाला फिरकीचं झाकण, त्यात स्प्रिंग. अंगठ्याखाली सरकणारं बटण. टॉर्चला जिथे काच असते तिथे याला मान आणि मानेवर रबराची टोपी. टोप्या तीन होत्या, एक गुळगुळीत, एक काटेरी आणि एक वाटीसारखी. वाटीसारखी माझ्या मुलीनं लहानपणी बाहुलीला घातली, ती बाहुलीसकट गेली. बटण सरकवलं की टोपी थरथरते, ती दुखऱ्या जागी टेकवायची. बस. वेग एकच. सेल ताजे असले तर जास्त, शिळे असले तर कमी.

लाइट गेल्यावर अंधारात चाचपडत बाबा कपाटातून टॉर्च काढायचे आणि उजेडाऐवजी घर्रर्र आवाज यायचा. हे इतक्या वेळा झालं की तो आवाज आला की आम्ही मुलं आधीच ओरडायचो, "बाबा, दुसरा!"

त्या काळी भिंतीच्या विजेवर चालणारी मशीनंही मिळायची, वायर लावलेली, जास्त जोरदार. बाबांनी मुद्दाम सेलचं घेतलं. त्यांचं शास्त्र वेगळं आहे. "भिंतीतली वीज भिंतीत बरी. माणसाच्या अंगाले सेलचीच वीज लावावी. ती आपल्या हातात मावते." सेल मंदावले की ते अंगणातल्या कठड्यावर उन्हात मांडून ठेवतात, वड्या वाळत घालाव्यात तसे. मला हे पटत नाही, पण रायपूरच्या उन्हात ते सेल खरोखर आणखी थोडे चालतात, म्हणून मी गप्प बसतो.

आईचा खांदा धरल्यावर मी एक मसाज गन मागवली होती. काळी, पिस्तुलासारखी, निळे दिवे, बरेच वेग, चार्ज करायची. मी मोठ्या हौशीनं खोका उघडला. बाबा म्हणाले, "दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवायची म्हणतात ते हेच का?" आईनं एकदा लावून पाहिली. "चांगली आहे," ती म्हणाली, "पण हाणून राहिली मले." मग ती गन खोक्यात गेली, खोका कपाटात गेला, आणि रोज सकाळी पुन्हा ते दोन सेलांचं घर्रर्र.

मला वाईट वाटलं. नुसतं वाईट नाही, थोडं जळलंसुद्धा. बाबांनी एकदाच आणलेली वस्तू अजून आईच्या हातात, आणि माझी तिच्या कपाटात, ओढणीखाली. शिवाय तो आवाज. तुम्हाला तो नुसता आवाज वाटेल. मला त्यात दोन रोग ऐकू येत होते. एक, फिरणाऱ्या भागाचं वजन एकीकडे झुकलंय. दोन, कुठेतरी काहीतरी सैल आहे. उरल्यात असा आवाज आला तर मी मशीन बंद करायला लावतो. घरात तो रोज सकाळी चहाबरोबर यायचा.

मे महिन्यात एका रविवारी आई-बाबा अभनपूरला नात्यातल्या साखरपुड्याला गेले. मी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि मशीन उघडलं.

आत फार काही नव्हतं, आणि तेच सुंदर होतं. सेलांपासून एक पितळी पट्टी बटणाकडे, बटणाकडून मोटरीकडे. मोटर अंगठ्याएवढी. मोटरीच्या दांड्यावर पितळेचा एक अर्धचंद्र. पूर्ण चकती नाही, अर्धीच. मोटर फिरली की हा अर्धचंद्र एका बाजूला ओढत फिरतो आणि सगळं डोकं थरथरवतो. म्हणजे ज्या गोष्टीला मी आयुष्यभर बिघाड म्हणत आलो, ती इथे कुणीतरी मुद्दाम घडवून बसवली होती. हे मला कळत नव्हतं असं नाही. मी इंजिनिअर आहे. पण कळणं वेगळं आणि हाताला सहन होणं वेगळं. अर्धचंद्र पाहिला आणि माझ्या डोक्यात आलं, थरथर हवी, पण एवढी कशाला? या वयाच्या बाईला? मी कानस घेतली आणि तो घासत बसलो. मग मान पाहिली. मान आणि मूठ यांच्या मधे रबराचं एक कडं होतं, आणि त्यामुळे डोकं पडायला आलेल्या दुधाच्या दातासारखं हलत होतं. झिजलंय, मी ठरवलं. त्या फटीत दोन नळ्यांचं एपॉक्सी कालवून भरलं आणि रबरबँडनं आवळून ठेवलं.

संध्याकाळपर्यंत ते सुकलं. मी बटण सरकवलं. मशीन मांजरीसारखं गुरगुरलं. घर्रर्र नाही, खडखड नाही. माझ्या हाताला इतकं समाधान क्वचित मिळालं असेल.

आई परतली तेव्हा मी दारातच तिच्या हातात ते दिलं. तिनं सुरू केलं, कानाशी नेलं.

"अग्गो माय, आवाजच नाही!"

"मेलं का ते?" बाबांनी विचारलं.

"मेलं नाही बाबा, सुधारलं."

"हूं," बाबा म्हणाले. "सुधारलेले लोक आवाज नाही करत."

त्या रात्री जेवताना मी सगळं सांगितलं. अर्धचंद्र कसा होता, किती घासला, मान कशी घट्ट केली. बहुधा दोनदा सांगितलं. पुढे उरल्यातही सांगितलं, एका फोरमनला, चहावर. आई रोज सकाळी खांद्याला मशीन लावायची, मला पाहून मान डोलवायची आणि मग भिंतीपाशी जायची. मी पेटी उचलून कामाला निघायचो, हलका होऊन.

जुलै आला. मे महिन्यात आईची बोटं कॅलेंडरच्या खालच्या काठाला लागली होती. जुलैतही ती खालच्या काठालाच होती. मी म्हटलं, दमट हवा आहे, सांधे आखडतात. मला माझ्या मशीनवर शंका आली नाही. ते तर शांत चालत होतं.

मग बायकोनं एक दिवस सांगितलं, "आई आजकाल कपडे धुवायला घेऊन राहिल्या. मी नको म्हटलं तरी. अन् कपडे कुठले, एक टॉवेल. एकच टॉवेल भिजवतात अन् मशीनमधे पिळतात. रोज."

आमचं वॉशिंग मशीन जुनं आहे, दोन खणांचं, एकात धुवायचं आणि दुसऱ्यात फिरवून पिळायचं. मागच्या वऱ्हांड्यात असतं. मी ऐकलं आणि लगेच माझ्या छंदाला लागलो. आईला वाटत असणार की खांद्यामुळे आपण घरावर ओझं झालो. म्हणून ती काम शोधते आहे. मला तिच्याशी बोलायला हवं. मी वाक्यं जुळवली, चांगली जड वाक्यं, आणि दुसऱ्या दिवशी उरल्याला न जाता थांबलो.

बायको बाजारात गेली, मुलगी कॉलेजला. मागून पिळायच्या खणाचा आवाज सुरू झाला, धडधड, धडधड, आणि मी माझी वाक्यं घेऊन वऱ्हांड्यात गेलो.

आई छोट्या स्टुलावर बसली होती. पाठ माझ्याकडे. उजवा खांदा वॉशिंग मशीनच्या पत्र्याला घट्ट टेकवलेला, डोळे मिटलेले. मशीन उड्या मारत होतं आणि त्याच्याबरोबर आई. बांगड्या वाजत होत्या. चेहऱ्यावर असं सुख होतं की मी पुढे जाऊ की मागे, मला कळेना.

खणात एकच ओला टॉवेल होता, एका बाजूला बसलेला. सगळे कपडे सारखे भरले तर ते मशीन फार हलत नाही. एकच जड ओलं कापड टाकलं तर थयथयाट करतं. मी पंख्यावर प्रयोगासाठी जे वजन लावतो त्याला ट्रायल वेट म्हणतात. आईचं ट्रायल वेट टॉवेल होतं.

"आई?"

ती दचकली. चोरून चिंच खाताना सापडावं तशी हसली. "काही नाही रे. जरा टेकली."

"तुझ्यापाशी आपलं ते मशीन आहे ना?"

"आहे ना. लावते ना रोज. तू चांगलं केलं ते." मग तिनं पदर सारखा केला. "फक्त जरा सभ्य झालं."

"म्हणजे?"

"म्हणजे पाहुण्यासारखं हात लावते आता. आधी कसं, घरच्यासारखं धरून हलवत होतं."

वॉशिंग मशीन हळूहळू थांबलं. मी स्टुलाशेजारी फरशीवर बसलो.

"मले सांगितलं काहून नाही?"

"कसं सांगू? तू किती खुश होता. त्या दिवशी जेवताना दोन डाव सांगितलं तू, काय घासलं, काय चिकटवलं. मले काही समजलं नाही." ती माझ्याकडे न पाहता टॉवेल बाहेर काढू लागली, डाव्या हातानं. "पण तू घरात इतका बोलत नाही ना कधी."

मे, जून, जुलै. बाई सत्तरी ओलांडलेली, खांदा गोठलेला, आणि माझं मन राखायला ती रोज एक मेलेलं मशीन खांद्याला लावून मला मान डोलवून दाखवत होती. मग मी गेलो की टॉवेल भिजवत होती. माझी जड वाक्यं मी गिळून टाकली. आता मला फक्त तो खिळा दिसत होता.

पितळेचा चुरा परत चिकटत नाही. उरल्यात एका लेथवाल्याकडे गेलो आणि कागदावर अर्धचंद्र काढून दाखवला, घासण्याआधीचा, आठवणीतून. तो वर्षानुवर्षं माझ्यासाठी समतोल तुकडे कातून देतो.

"ये तो आधा है, साहब."

"आधा ही चाहिए."

"हिलेगा."

"हिलाना ही है."

त्यानं मला नीट पाहून घेतलं. "तबीयत ठीक है ना? हव, बना देथंव. पर किसी को बताना मत कि मैंने बनाया."

पहिला तुकडा जड निघाला. मी मशीन जोडून टेबलावर ठेवलं, बटण सरकवलं, आणि ते टेबलावरून चालत निघालं. बाबांच्या पाण्याच्या पेल्याला धडकलं, पेला बाबांच्या धोतरावर.

"जिवंत झालं," बाबा म्हणाले, ओलं धोतर झटकत. "पण पागल झालं."

तो तुकडा घासत, लावत, पुन्हा घासत मी जुन्या वजनापाशी आणला. यावेळी मात्र प्रत्येक वेळी आईच्या हातात देऊन विचारत होतो. सेन्सर पेटीतच राहिला. पण तरीही काहीतरी चुकत होतं. "खांद्याले नाही पोचून राहिलं," आई म्हणायची. "माह्या हातालेच झिणझिण्या आणते." डाव्या हातात धरून उजव्या खांद्याला लावायचं तर डावा हात बधिर व्हायचा. म्हणजे एक खांदा बरा करताना मी दुसरा हात घालवणार होतो. त्या आठवड्यात माझ्या छंदाला भरपूर खुराक मिळाला.

शहरातल्या तात्यापाऱ्यात विजेच्या सामानाचं एक जुनं दुकान आहे. सेल आम्ही तिथूनच आणतो. दुकानाचे मालक म्हातारे आहेत आणि न खपलेला माल टाकून देत नाहीत. मी त्यांना मशीन दाखवलं आणि विचारलं, असं एखादं पडलंय का. ते स्टुलावर चढले, वरच्या फळीवरून धुळीचे तीन खोके काढले आणि फुंकर मारली. आम्ही दोघेही शिंकलो.

"बेचूँगा नहीं," ते म्हणाले. "दुकान की निशानी है. देख लो, बस."

तिन्ही वेगवेगळे होते. एक आमच्या मशीनसारखाच टॉर्च. दुसरं मुठीत मावेल असं, अंड्याच्या आकाराचं, त्यात पेन्सिल सेल. तिसरं केस वाळवायच्या यंत्रासारखं, पण वायरीशिवाय, सेल दांड्यात. कुणी कुठे बसवले असतील, कुणाच्या डोक्यातून आले असतील, खोक्यांवर काही धड लिहिलं नव्हतं. एकावर केस मोकळे सोडलेली बाई होती आणि तिच्या खांद्यावर विजेच्या रेघा. तिन्ही कोरे, एकदाही न वापरलेले. मी टॉर्चसारखं उचललं आणि सवयीनं त्याची मान धरून हलवली.

सैल होती. दुधाच्या दातासारखी.

दुसरं उचललं. त्याच्याही टोपीखाली मऊ रबराचा वळसा. तिसऱ्याला तर मानेत स्प्रिंगच होती. एकही वापरलेलं नाही, म्हणजे झिजलेलं नाही. सगळ्यांना तसंच सैल बनवलं होतं.

मी दुकानातच उभा राहिलो आणि मला ते कळत गेलं. दोन जड सेल मुठीत का, तर मूठ जड राहावी आणि हलू नये. डोकं हलकं का, आणि मधे रबर का, तर थरथर डोक्यातच राहावी, दुखऱ्या जागी जावी, धरणाऱ्या हाताकडे येऊ नये. ती फट हे त्या मशीनचं अर्धं काम होतं. मी मान चिकटवली तेव्हा डोकं आणि मूठ एक झालं, आणि त्या इवल्या मोटरीला सेलांसकट सगळं मशीन हलवायला लागलं. ते कसं जमणार? मधली ढिलाई मी भरून काढली होती, आणि वर कौतुकानं सगळ्यांना सांगितलं होतं.

"क्या हुआ?" दुकानदारांनी विचारलं. "पुराना प्यार मिल गया क्या?"

घरी येऊन मी दुपारभर ब्लेडनं एपॉक्सी खरवडत बसलो. ते माझ्या बाकीच्या कामासारखंच पक्कं झालं होतं. खरवडताना मानेला एक बारीक तडा गेला, त्यावर काळी टेप गुंडाळली. जुनं रबर तुटून निघालं, म्हणून मुलीच्या सायकलच्या ट्यूबचा एक वळसा कापून बसवला. डोकं पुन्हा लटलटू लागलं. माझा हात ते घट्ट करायला शिवशिवत होता. मी दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसलो आणि आईला हाक मारली.

तिनं बटण सरकवलं. घर्रर्र. सगळ्या घरात. तिनं टोपी खांद्याला टेकवली, डोळे मिटले, आणि बोलायला गेली तर आवाजच थरथरत बाहेर आला. "आ-आ-आ-लं रे-ए-ए, घ-घ-घरचं आ-आलं."

मुलगी आतून धावत आली. "आजी, आप तो रोबोट जैसी बोल रही हो! फिर से बोलो ना!"

आई पुन्हा बोलली, खास तिच्यासाठी, बराच वेळ.

मशीनचं श्रेय किती आणि रोज भिंत चढण्याचं किती, हे मी सांगू शकत नाही. त्या फिजिओथेरपीवाल्या मुलीच्या मते सगळं भिंतीचंच होतं. आई म्हणायची, आधी सैल झालं तर भिंत चढावीशी वाटते. एवढं खरं की टॉवेल पिळणं थांबलं, आणि बोटं कॅलेंडरवर चढू लागली. आधी तारखा, मग महिन्याचं नाव, मग वरचं देवाचं चित्र. खिळा मात्र राहिला. महालक्ष्म्या येण्याच्या आदल्या दिवशीसुद्धा बोट आणि खिळा यांच्या मधे थोडी भिंत उरली होती. आई त्या उरलेल्या भिंतीकडे पाहत राहिली. "पाहू," ती म्हणाली. या वेळी त्याचा अर्थ मला लागला नाही.

दुसऱ्या दिवशी घरात रांगोळी, फुलं, पितळ घासल्याचा वास. चौरंग नेहमीच्या जागी, नेहमीच्या उंचीवर. स्टँड उभे केले. आई आतल्या खोलीत मशीन लावून बसली होती. तेवढ्यात उरल्याहून एका मेंटेनन्सवाल्याचा फोन आला. मी बोलत असताना तो मधेच थांबला.

"साहब, आप किस प्लांट में हो? पीछे कौन-सा फैन चल रहा है? उसका तो बेस ढीला है. अनबैलेंस भी है."

"है," मी म्हटलं.

"बंद करवाओ उसको!"

"नहीं. वो ठीक चल रहा है."

घर्रर्र थांबलं. आई बाहेर आली. पदर खोचला, हिरवी साडी हातात घेतली आणि ज्येष्ठेसमोर उभी राहिली. बायको पिनांची डबी घेऊन बाजूला. बाबांनी टीव्ही बंद केला. मुलगीही मोबाइल ठेवून दारात आली.

निऱ्या झाल्या. ओचा झाला. मग आईनं पदर उजव्या हातात घेतला आणि हात वर नेऊ लागली. खांद्यापर्यंत सहज. त्याच्या वर हळूहळू, बोटांनी, भिंत चढावी तशी, साडीच्या काठावरून. मुखवट्याच्या कानापाशी हात थांबला. मला वाटलं, आता बायकोनं पुढे व्हावं. बायको झाली नाही. ती माझ्यापेक्षा शहाणी आहे. आईनं श्वास घेतला, टाचा किंचित उचलल्या, आणि पदर पितळी डोक्यावरून पलीकडे गेला. तिनं हात मागे केला, न पाहता. बायकोनं त्या हातात पिन ठेवली.

मग आई दोन पावलं मागे सरकली आणि पाहत उभी राहिली. पदर डावीकडे थोडा जास्त आला होता. माझ्या डोळ्याला ते लगेच दिसलं. मी पाय हलवला नाही.

कनिष्ठेची साडी, जांभळी, पाटावर घडी करून ठेवली होती. आईनं ती उचलली, आणि बायकोसमोर धरली.

"धाकटीले तू नेसव."

बायको गोंधळली. "खांदा दुखून राहिला का, आई? थोडं बसा, मग नेसवा. घाई नाही."

"नाही दुखून राहिला." आईनं साडी तिच्या हातात दिली. "दुखत असता तं दिली नसती."

बायकोनं साडी उलगडली. आई स्टुलावर बसली, वऱ्हांड्यातल्या त्याच स्टुलावर, आणि हनुवटी वर करून पाहू लागली. बाबांनी मशीनमधून सेल काढले आणि ते कठड्यावर ठेवायला बाहेर निघाले.

"पहिली निरी घे," आई म्हणाली. "हां. आता दुसरी. एवढी आवळू नको ना पण, बाई. जरा सैल सोड."